धुळाची चौसष्ट पानं

कॉम्प्युटरनं तीनदा टूं टूं टूं केलं आणि डोळे मिटले ते मिटलेच. समोर रहिमतपूरचे निवृत्त सुभेदार नाथाजी सावधानमध्ये उभे. आत धुळाची चौसष्ट पानं अडकलेली.

धुळा जतचा. अठरा वर्षं पलटणीत नाथाजींच्या शेजारी वळकटी टाकून झोपलेला गडी. गेल्या वर्षी तो वारला तेव्हा त्याची बायको हरणाबाई म्हणाली होती, "भावजी, मानूस लय अबोल. पलटणीतलं घरात कवा बोललाच न्हाई. तुमी तरी लिवून द्या, नातवंडं वाचून दावतील." उद्या रविवारी त्याचं वर्षश्राद्ध. नाथाजींनी सहा महिने एका बोटानं बडवून मजकूर पुरा केला होता. आता फक्त छापायचा होता.

पण कॉम्प्युटर म्हातारा. फाईल उघडेपर्यंत हातातला चहा निवायचा. फौजेतल्या माणसाला असलं रेंगाळणं खपतंय होय! मोबाईलवर एक तज्ज्ञ सांगत होता, "मशीन चालू होतानाच सेटिंगमध्ये शिरा आणि मेमरीचा वेग वाढवा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वीजही थोडी वाढवा, पण बेतानं, एकेक पायरी." नाथाजींनी 'बेतानं' तेवढं सोडून बाकी सगळं ऐकलं. चार पायऱ्या एकदम चढवल्या, वीजही सढळ हातानं दिली. अति तिथं माती, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

कॉम्प्युटर सुनेचा, आणि संयोगिता सकाळच्या शाळेत शिकवायला गेलेली. नाथाजींनी साताऱ्याच्या रविराज दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"तीन शिट्या म्हंजे मेमरीचं काम हाय, काका," रविराज म्हणाला. "वायर काढा, झाकण उघडा. आत हिरव्या दोन पट्ट्या असतील, त्या भायेर काढा."

"काढल्या."

"आता खोडरबर घ्या आन् पुसून काढा."

नाथाजींना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "मेमरी? खोडरबरनं पुसू?"

"व्हय. चांगली रगडून पुसा. भ्यायचं काम न्हाई."

"आरं लेका, आठरा वर्सं हायती त्यात! परत कोन लिवनार, तुझा बा?"

फोन बंद. रविराजचं पुढचं बोलणं राहूनच गेलं. नाथाजींनी पट्ट्या स्वच्छ रुमालात बांधल्या, कॉम्प्युटरवर चादर घातली आणि संध्याकाळी सुनेशी एक अक्षर बोलले नाहीत. पहाटेच्या एसटीनं निघाले, सांगलीला गाडी बदलली आणि जतपर्यंत रुमाल छातीशी धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "अंगारा हाय का?"

धुळाच्या घरी श्राद्धाची जेवणं उरकून पाहुणे पांगले होते. टँकरच्या पाण्यानं पिंप भरून हरणाबाई समोर येऊन बसली. "आनलंसा का, भावजी?"

नाथाजींनी रुमाल सोडला. "वहिनी, ह्यातच हाय सगळं. पन आता कुनाला वाचता येनार न्हाई. घाई केली मी. जाळलं." धुळाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं त्यांना झालं होतं.

हरणाबाईनं पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. "व्हय, पन तोंड हाय न्हवं तुमाला? सांगा की!"

मग नाथाजींनी सांगितलं. धुळाला थंडी लय वाजायची, तीन स्वेटर चढवूनही दात वाजायचे. पलटणीच्या भटारखान्यातले कांदे चोरायचा आणि पकडला की सामान वाहणाऱ्या खेचराचं नाव सांगायचा. त्या खेचराशी मात्र तासन्‌तास बोलायचा, मेंढरांच्या गोष्टी. घरचं पत्र आलं की वाचायच्या आधी त्याचा वास घ्यायचा. म्हणायचा, "चुलीपाशी बसून लिवून घेतलंय तिनं." कांद्यांपाशी हरणाबाई खदखदून हसली. पत्रापाशी तिनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात फोन वाजला. संयोगिता होती.

"मामा, अहो पट्ट्या कशाला पळवल्या? त्यात काही साठत नसतं! लिहिलेलं वेगळं, डिस्कमध्ये असतं. खोडरबर नुसता टोकावरचा मळ काढायला. रविराज आलाय, त्यानं सेटिंग पहिल्यासारखं केलं, नवी पट्टी घातली. चौसष्टच्या चौसष्ट पानं शाबूत आहेत!"

"वाच पोरी, वाच! वहिनींना ऐकू दे!"

संयोगिता वाचू लागली, "'कैलासवासी हवालदार धुळा हे अत्यंत कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, निर्भीड व मितभाषी जवान होते. अल्पाहारी व काटक प्रकृतीचे असल्याने हवामानाची तमा न बाळगता…'"

अडीच पानं झाली. हरणाबाई मन लावून ऐकत होती. मग तिनं हळूच, अदबीनं विचारलं, "भावजी, ह्ये कोन म्हनायचं?"

नाथाजींनी फोन जवळ ओढला.

"पोरी," ते फोनमध्ये म्हणाले, "ती फाईल बंद कर. नवी उघड आन् लिव. धुळाला थंडी लय वाजायची."

"लिहिलं. पुढं?"

"थांब गं बाई," हरणाबाई फोनकडं सरकत म्हणाली, "आदी कांद्याचं घे."