करमुक्त होडी

आयकर कसा वाचवावा हे आमच्या कारखान्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं चौसष्ट साली माझं ठाम मत होतं!

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या कारखान्यात मी कारकून होतो. कंपनी कामावर यायला रोख गाडीभाडं द्यायची. मी खाडीकाठाने चालत जायचो आणि त्या पैशांतून माझी बायको मैना शिवणयंत्राचा हप्ता भरायची. एकदा साहेबांना कुरकुरताना ऐकलं, की असं रोख भाडं पगारात धरून त्यावर कर लावतात, पण कंपनीने वाहनच दिलं तर लागत नाही. माझं कुतूहल जागं झालं. कामावर पोचायला दिलेला पैसा माझं उत्पन्न कसा? मी काय हौसेने जातो? आणि तोच पैसा वाहन होऊन आला की सरकारला दिसत कसा नाही?

मी लगेच अर्ज केला, रोख नको, वाहन द्या. वाहन म्हणून मैनाच्या भावाची, तुळशीरामची होडी सुचवली. साहेब हसले, पण त्यांनी ती वर्षाच्या कराराने घेतली. मैनाला हप्त्याची काळजी पडली. वाचलेल्या करातून हप्ता सहज निघेल, असं मी तिला समजावलं.

उधाणाच्या दिवसांत मी राजासारखा गेलो. मग भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी पाण्याची भरती आली, खाडीचं पाणी उतरलं आणि होडी मधेच चिखलात बसली. तुळशीरामने शांतपणे विडी पेटवली.

"दाजी, हापिसाची येल तुमची. पान्याची येल पान्याची हाय."

मी पोचलो तेव्हा लोक घरी निघाले होते. असं वारंवार झालं, पगार कापला गेला. होडीतल्या बोंबलांच्या टोपल्यांचा वास कपड्यांना लागल्यामुळे माझं टेबलही व्हरांड्यात गेलं. तिकडे यंत्राचा दुकानदार दारात येऊन बसू लागला.

शेवटी मी ऐटीत हिशेबनीस वामनरावांकडे गेलो आणि माझा कर किती वाचला ते विचारलं. त्यांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळलं.

"तुमचा कर? अहो, कर लागण्याइतका तुमचा पगार कधी होता?"

करार संपेपर्यंत होडीचं भाडं दरमहा तुळशीरामला मिळत राहिलं आणि बहिणीच्या यंत्राचा हप्ता तोच भरत राहिला. त्याच्या त्या भाड्यावर कर लागत होता का, याचं मला अजून फार कुतूहल आहे. पण मैनाने विचारायला बंदी केली आहे.