खिडकीखालची शिक्षा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलंत तर नाव एकच: हनमंते सर. आणि कोणाच्याही घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी यजमानाच्या खिडकीचा पडदा वर ओढणारा माणूस नांदेडात कोण, असं विचारलंत तरी नाव तेच.

हे फक्त थंडीत. उन्हाळ्यात सर कोणाच्या पडद्याला हात लावत नाहीत. पण दिवाळी झाली की त्यांना जो संताप चढतो, तो शिवरात्रीपर्यंत उतरत नाही. त्यांचं म्हणणं, आपल्या मराठवाड्याच्या माणसानं उन्हाचा असा धसका घेतलाय की त्याला बारा महिने ऊन वैरीच वाटतं. हौसेनं पट्ट्यांचे ब्लाइंड बसवायचे, एप्रिलात पाडायचे, ते जानेवारीतही तसेच ठेवायचे आणि आत ट्यूबलाइट लावून, स्वेटर घालून कुडकुडायचं. "दारात आलेल्या पावन्याला हाकलायचं, आन् मंग घर खायला उठतंय म्हनून रडायचं," सर म्हणतात.

लोक त्यांना चक्रम म्हणतात. मला त्या लोकांचा राग येतो. सरांचाही येतो, पण ते पुढं सांगतो.

सर आमच्या कंधारच्या शाळेत भूगोल शिकवायचे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो, हे त्यांनी फळ्यापेक्षा बाक सरकवून जास्त शिकवलं. दक्षिणेच्या खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा होता. सकाळी सर तो पूर्ण गुंडाळायचे, दुपारी ऊन डोळ्यांवर येणार नाही एवढाच खाली घ्यायचे आणि चार वाजता पार खाली सोडायचे, म्हणजे आत आलेली ऊब आतच राहावी. वर्गात बडबड करणाऱ्यांना शिक्षा म्हणून त्या खिडकीखाली बसवायचे. सहावी ते आठवी, तिन्ही हिवाळे मी तिथंच काढले. मला फार राग यायचा, कारण मी वर्गात बोलतच नव्हतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. बोलायची हिंमत कुठून आणू? माझ्यासोबत शिक्षा भोगणारे तिघंही तसेच मुके. पुढं कॉलेजात असताना एकदा थंडीत चालता चालता एकदम लक्षात आलं, की आम्हा चौघांकडं स्वेटर नव्हते.

माझ्यासाठी मुलगी बघायला लातूरला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून सर सोबत होते. मुलीकडच्यांनी नवेकोरे ब्लाइंड लावून सगळे पाडून ठेवलेले. पोहे यायच्या आत सर उठले, दोरी ओढली, आणि ऊन थेट माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत. "दक्षिणेची खिडकी हाय, आन् असे गारठून बसलात? मानसं हाईत का कोल्ड स्टोरेजातले बटाटे?" लग्न जमलं. सासरे आजही विचारतात, तुमचे पडदेवाले कसे आहेत?

गेल्या जानेवारीत सर माझ्या लातूरच्या ऑफिसात आले. कॉम्प्युटरवर ऊन येतं म्हणून मी ब्लाइंड पाडला होता. समोरच्या बाकावर कामासाठी आलेली एक म्हातारी पदर गुंडाळून बसली होती. सरांनी माझ्या नमस्काराकडं बघितलंही नाही. ब्लाइंड खालून हातभर वर घेतला, बाजूला लोंबणारी काडी फिरवून वरच्या पट्ट्या छताकडं तिरप्या केल्या. ऊन म्हातारीच्या पायांवर आलं. कॉम्प्युटरवर थेंबभरही नाही. मग सगळ्या स्टाफसमोर त्यांनी मला विचारलं, "तुला तीन वर्सं कुठं बसवलं व्हतं रे मी?"

मला अपमान झोंबला. मी म्हणालो, "सर, हे ऑफिस आहे, तुमची शाळा नाही."

सर चहा न घेता गेले. पुढं फोनही उचलेनात. दोन आठवडे मीही तणतणत राहिलो, त्यांनी मला चार लोकांत बोलायला नको होतं म्हणून. शेवटी बायको म्हणाली, आता पुरे, जाऊन माफी मागून या.

रविवारी नांदेडला गेलो. दुपारचे दोन वाजले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि काही दिसेना. अर्ध्या नांदेडाचे पडदे वर ओढणाऱ्या माणसाच्या घरातले सगळे पडदे खाली. सर मफलर गुंडाळून खुर्चीत बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगी लग्न होऊन हैदराबादला.

माफीचं राहिलंच. मी चिडून विचारलं, "सर, ही खिडकी दक्षिणेची ना?"

"हाव," सर म्हणाले. "पन एकट्या मानसाला येवढं ऊन लई होतं रे."

माझा हात दोरीपर्यंत गेला आणि परत आला. लातूरला पोचल्यावर मी त्यांना पत्र टाकलं.

आदरणीय सर,

सविनय जयभीम. जे बोलायला आलो होतो ते राहून गेलं. त्या दिवशी ऑफिसात चूक माझी होती. मला माफ करा. ती आजी परवा पुन्हा आली होती. उन्हाच्या बाकावर बसली आणि तुमची चौकशी करून गेली.

माझा राग मात्र गेलेला नाही. लोकांचे पडदे वर ओढायचे आणि आपण अंधारात मफलर गुंडाळून बसायचं, हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलं नव्हतं. एकट्याला ऊन जास्त होत असेल, तर येत्या रविवारी नऊच्या आत आम्ही तिघं येत आहोत. मी पाणी नंतर घेईन, आधी दोरी ओढीन.

माझ्या पोरीचा स्वेटर मुद्दाम घरी ठेवतो आहे. ती वर्गात अजिबात बोलत नाही. तिला खिडकीखाली बसवण्याची शिक्षा व्हावी, ही विनंती.