तिसऱ्या मजल्यावरचं मनोगत

रविवार दिनांक ९ मार्च १९८६ रोजी सकाळी साडेदहा वाजता आमच्या कांजूरमार्गच्या स्नेहवर्धिनी वसाहतीत दोन मंडळांमध्ये विचारविनिमय झाला आणि त्यात जयवंतच्या कपाळाला अकरा टाके पडले. मी संस्थेचा मानद चिटणीस. लोक मला भाऊ म्हणतात. घडलेली हकिगत निःपक्षपातीपणे सांगणं माझं कर्तव्य आहे, आणि कर्तव्याला मी कधी चुकलेलो नाही, हे मागील नऊ वर्षांच्या अहवालांत मीच नमूद केलेलं आहे.

आमच्याकडे पूर्वी नवतरुण मित्र मंडळ होतं. गणपतीच्या मखराच्या रंगावरून मतभेद होऊन त्यातून खरे नवतरुण मित्र मंडळ निघालं. मंडळं दोन झाली, पण फाटकाजवळचा फळा एकच राहिला. त्यावर रोज सकाळी खडूनं सुविचार लिहायची वसाहतीची जुनी पद्धत. तो कोणी लिहायचा, यावरून सहा महिने धुसफूस चालू होती. त्या रविवारी एका मंडळानं लिहिलं, ‘क्रोध हा माणसाचा शत्रू आहे.’ दुसऱ्यांनी ते पुसून ‘क्षमा हे वीराचं भूषण आहे’ असं लिहायला घेतलं. ते जेमतेम ‘क्षमा’पर्यंत पोचले असतील, तोच पहिल्यांनी डस्टर हिसकावलं. मग हॉकीच्या काठ्या निघाल्या आणि पानवाल्याच्या दुकानापुढची सोड्याच्या बाटल्यांची पेटी पाच मिनिटांत रिकामी झाली.

जयवंत यांपैकी कोणत्याच मंडळात नाही. तो धाकट्या बहिणीबरोबर, सुलक्षणाबरोबर, दळण घेऊन येत होता. एक बाटली आली आणि त्याच्या कपाळावर फुटली. डबा सांडला, पीठ लाल झालं, आणि सुलक्षणा त्या पिठात उभी राहिली.

बाटली कोणी फेकली हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं, म्हणून ते कोणी बोललं नाही. ती माझ्या मुलानं, नंदकुमारनं फेकली होती. हे मी इथे मोकळेपणानं सांगतो, कारण हे संस्थेचं दप्तर नव्हे.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. पोलिसांत जाऊ नये यावर एकमत झालं. “पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे,” असं प्रत्येकजण म्हणाला. कोणाच्या पोरांच्या, ते कोणी विचारलं नाही. ‘वसाहतीच्या आवारात सोड्याची एक बाटली फुटल्याबद्दल ही सभा खेद व्यक्त करते’ असा ठराव मी मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांनी एकमेकांना पेढा भरवला. प्रकरण मिटलं.

पंधरा दिवसांनी जयवंतचे वडील काशीराम माझ्याकडे आले. माणूस मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यापासून अंधेरीला एका कारखान्यावर पहारेकरी आहेत.

“भाऊनू, चेडू माझा, सुलू, त्या दिसापासना खाली उतरूक नाय,” ते म्हणाले. “जिन्यापर्यंत येता आणि परत फिरता. बाटलीचो आवाज इलो तरी कानार हात ठेवता.”

“अहो, पण लागलं जयवंतला! तो आठव्या दिवशी कामावर गेला. मग हिला काय झालं?”

“ताच तर! तेका कोणीतरी बसान इचारा. आमी इचारला तर म्हणता, तुमी सगळे म्हणतास काय झालाच नाय, मग मी काय सांगू?”

मामला साधा नव्हता. सुलक्षणा अठरा वर्षांची. मे महिन्यात तिची टायपिंगची परीक्षा होती, आणि ती पास झाली तर मुलुंडच्या एका वकिलांच्या कचेरीत जागा ठरलेली होती. टायपिंगचा क्लास फाटकाबाहेर, ही तिसऱ्या मजल्यावर. मी लगोलग वर गेलो आणि पाऊण तास तिला धीर दिला. तिनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी मायेनं म्हणालो, “बाळ, तू आता काही बोलू नकोस.” खाली येताना मला फार बरं वाटलं.

एवढ्यावर न थांबता मी वर्तमानपत्रातलं कात्रण काढलं. तरुणांमधल्या मारामाऱ्यांची झळ पोचलेल्या मुलामुलींना वस्तीतल्याच लोकांकडून मानसिक आधार मिळावा अशी एक योजना निघाली होती. अर्ज केला. अंधेरीच्या कचेरीतून मृणालिनीबाई नावाच्या अधिकारी आल्या. हसतमुख बाई. पर्समधून त्यांनी चार पानी फॉर्म काढला.

“बाधित तरुणाला टाके किती?”

“अकरा.”

“छान. पाचाच्या वर असले की मंजुरी लवकर येते.”

“पण मॅडम, जी घाबरली आहे तिला टाके नाहीत. टाके तिच्या भावाला आहेत.”

“मग ती कशानं बाधित?”

“बघितल्यानं.”

बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “बघितल्याचा रकाना नाहीये हो. आणि बघणाऱ्यांना योजना लागू केली तर सगळी मुंबईच लाभार्थी होईल.”

हे मला पटलं. जयवंतचं नाव पहिल्या क्रमांकावर चढलं. मात्र योजनेखाली वसाहतीत जे केंद्र निघायचं त्याला किमान वीस लाभार्थी लागत होते आणि वसाहतीत टाके पडलेला माणूस एकच. तेव्हा बाईंनीच मार्ग दाखवला. खरचटलेलं, मुरगळलेलं, सुजलेलंही चालेल, मात्र ते त्याच दिवशीचं असावं. आता, त्या दिवशी ज्यांचे हात मुरगळले ते सगळे मारणारेच होते. एकाचं मनगट डस्टर हिसकावताना दुखावलं होतं, एकाच्या खांद्यात हॉकीची काठी उगारताना लचक भरली होती. नंदकुमारच्या अंगठ्याला बाटलीचं बूच उडून लागलं होतं. दोन्ही मंडळांचे मिळून एकोणीस जण निघाले. हिंसेची झळ पोचलेल्यांची यादी अशी पूर्ण झाली, आणि तीत हिंसा करणारा एकही सुटला नाही.

यानंतर स्वयंसेवक नेमायचा होता. ‘स्थानिक तरुणांमध्ये वजन असलेला असावा’ अशी अट होती. बाईंनी विचारलं, “इथे कोणाचं वजन आहे?” सगळ्यांनी नंदकुमारकडे पाहिलं. ९ मार्चनंतर त्याचं वजन बरंच वाढलेलं होतं. तो मात्र खाली मान घालून उभा राहिला, आणि स्वयंसेवक झाला.

घरी तो नीट जेवत नसे. हिनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, कुंदानं, त्याच्याशी बोला म्हणून मला दोनदा सुचवलंही. एकदा तो स्वतःच जवळ येऊन म्हणाला, “बाबा, मला जरा बोलायचंय.”

“केंद्रात बोल,” मी म्हणालो. “शनिवारी पाच ते सहा.” मी बाप आहे, नाही असं नाही. पण चिटणीसाच्या मुलानं पायंडा मोडला तर इतरांनी काय करावं?

केंद्र तळमजल्यावरच्या कॅरमच्या खोलीत सुरू झालं. आपल्याकडे चार माणसं एकत्र आली की कार्यक्रम होतो, त्याला इलाज नाही. दर शनिवारी पाच वाजता दीपप्रज्वलन, मग ईशस्तवन, मग माझं प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय आणि पुष्पगुच्छ. मनातलं बोलण्यासाठी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवली होती. ती हजेरी घेण्यात जात. जयवंत पहिली पाळी करून आलेला असे, तो माझ्या प्रास्ताविकातच झोपी जाई. अहवालात मी ‘लाभार्थीस शांत झोप लागू लागली’ असं लिहीत असे.

एकदा तो मध्येच जागा झाला. “भाऊ, मला काय पण झालेलं नाय. सुलूला बोलवा ना इथे.”

“तिनं खाली येऊन अर्ज करायला हवा.”

“ती खाली आली असती तर अर्ज कशाला लागला असता?”

मुद्दा बिनतोड होता. मी तो नोंदवून घेतला.

एप्रिल संपत आला. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि सुलक्षणा अजून वरच होती. काशीराम रोज सकाळी कामावर जाताना माझ्या दाराशी क्षणभर थांबत, वर बघत आणि जात. तशातच अंधेरीच्या कचेरीतून पत्र आलं. केंद्राच्या पहिल्या सत्राचा समारोप घ्यावा आणि त्यात बऱ्या झालेल्या एका व्यक्तीचा सत्कार करावा. आता आली पंचाईत. वीसही लाभार्थी पहिल्यापासून ठणठणीत, त्यांच्यातला बरा कोण होणार? बरं होण्याजोगं माणूस वसाहतीत एकच होतं. ते योजनेत बसत नव्हतं, पण सत्काराला योजनेची अट नसते. सुलक्षणाचा बरी झाल्याबद्दल सत्कार करायचं ठरलं. ती खाली येत नाही ही अडचण मी चुटकीसरशी सोडवली. कार्यक्रमच वर न्यायचा!

शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत साठ लोखंडी खुर्च्या चढवल्या. माईक आला, सतरंजी आली, समई आली. काशीरामच्या दारासमोरच व्यासपीठ केल्यामुळे सुलक्षणाला उंबरा ओलांडताच सत्कार स्वीकारता येणार होता. पत्रिकेत तिचं मनोगत अकराव्या क्रमांकावर होतं, दोन मिनिटं. त्यानंतर नंदकुमारचं आभारप्रदर्शन आणि लगेच बटाटेवडे. प्रमुख पाहुणे पंचावन्न मिनिटं बोलले. विषय होता, तरुणांचं ऐकून घेण्याची आवश्यकता. मृणालिनीबाईंनी अहवाल वाचला. दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांनी आपल्याच मंडळामुळे हे केंद्र शक्य झालं, असं सप्रमाण सिद्ध केलं.

सुलक्षणाला शाल दिली, नारळ दिला. तिनं नारळ काखेत धरून माईक हातात घेतला. आवाज स्पष्ट होता.

“त्या दिवशी मी तिथे होते. मी बघितलं. तुम्ही सगळे म्हणता काही झालं नाही, पण मी…”

जिन्यावरून वड्यांचा वास आला. मागच्या चार रांगा उठल्या. समारंभाच्या अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून माईक अलगद काढून घेतला. “वेळेअभावी आपण इथेच थांबू या. सुलक्षणाताईंच्या भावना आपल्यापर्यंत पोचल्याच आहेत.” टाळ्या झाल्या. मी माईक नंदकुमारकडे दिला.

तो उभा राहिला. त्यानं हातातला कागद घडी करून खिशात घातला. “मला आभार मानायचे नाहीत. मला एवढंच सांगायचंय, की ती बाटली…”

त्याच क्षणी माईकवाल्यानं वायर काढली. त्याला पुढे घाटकोपरला लग्नाचं काम होतं. त्याला मी खूण केली होती असं काहीजण म्हणतात. मी इतकंच म्हणेन की वेळ पाळणारी माणसं आजकाल दुर्मीळ आहेत.

वड्यांचं बघून झाल्यावर मी वही घेऊन रिकाम्या खुर्च्या मोजायला परत वर निघालो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो आणि थबकलो. वरच्या पायऱ्यांवर दोघं बसली होती. एका टोकाला ती, शाल खांद्यावर तशीच. दुसऱ्या टोकाला माझा मुलगा.

“मी फेकली,” नंदू म्हणत होता. “तुम्ही दोघं येताय ते बघितलं नव्हतं गं. शप्पथ. पण फेकली मीच.”

“ठाऊक आहे मला. मी तुलाच बघत होते.”

“मग बोलली का नाहीस कोणाला?”

“सगळ्यांना सांगायला बघितलं. तुझे बाबा म्हणाले, बोलू नकोस. मग मलाच वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय. सगळे म्हणतायत काही झालं नाही, मग मला ते पीठ का दिसतंय रोज?”

“मला पण दिसतं,” तो म्हणाला, आणि रडायला लागला. एवढा घोडा झालेला पोरगा, कोपरानं डोळे पुसत होता. खरं सांगतो, त्या घटकेला वाटलं, हातातली वही खाली ठेवावी आणि जाऊन त्याच्या शेजारी बसावं. पण मी संस्थेच्या कामावर होतो.

वीसेक मिनिटं ती दोघं बोलली. ना दीपप्रज्वलन, ना प्रास्ताविक. मग ती उठली आणि म्हणाली, “फाटकापर्यंत येतोस? एकटीला नाही जमणार.” मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. माझ्यासमोरून ती जिना उतरली, एकेक पायरी, कठड्याला धरून, नंदू एक पायरी मागे. फाटकापर्यंत गेली आणि परत आली. सोमवारी ती क्लासला गेली. जिन्याशी काशीराम उभे होते, त्यांनी मला बघून हात जोडले. ते कशाबद्दल, हे मी विचारलं नाही.

आनंदाची गोष्ट आहे, पण कार्यालयीन दृष्टीनं गंभीर आहे. मुलगी लाभार्थी नाही, जिना मान्यताप्राप्त जागा नाही, आणि स्वयंसेवकानं कबुलीजबाब द्यावा अशी योजनेत तरतूद नाही. जिन्यावर बसून दोघं खरं बोलली की माणसं बरी होतात असा समज पसरला तर केंद्राचं काय होईल? आज एक बाटली निघाली, उद्या एकेका घरातून काय काय निघेल? सभेत हे मी कळकळीनं मांडलं. त्यानंतर पुढील ठराव मंजूर झाला: ‘वसाहतीच्या जिन्यावर कोणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ बोलत बसू नये. ज्यांना मन मोकळं करायचं असेल त्यांनी शनिवारी पाच ते सहा या वेळेत हजेरी लावावी.’

ठराव सर्वानुमते मंजूर झाला, असं मी लिहिलं आहे. गैरहजर असलेल्यांची संमती आम्ही नेहमीच गृहीत धरतो. आपणही त्या सभेला नव्हता, आणि मी माईक काढून घेतला तेव्हापासून इथवर वाचत आलात, पण कुठेही हरकत घेतली नाहीत. तेव्हा आपलं नाव मी अनुमोदक म्हणून घातलं आहे.