सातव्या तुकड्याची हकीकत

श्वासदेवतेस नमन असो, जी अद्याप या राज्यात येऊन जाऊन आहे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, ते समयी मृण्मयी नामे सहा महिन्यांच्या लेकराच्या देहाचे राज्य थोर संकटी पडले, त्याची हकीकत ऐसीजे.

मूळ दप्तर आतल्या किल्ल्यात कुलपात असे. मूळ कागद बाहेर काढावयाचा नाही, नक्कल काढावी, नकलेत कामाचे तुकडे थोडे आणि भरताड फार. मग कातरनीस हैबतराव यांनी भरताड कातरून टाकावे आणि कामाचे तुकडे जोडून कारखान्यास धाडावे, तेथे रसद सिद्ध व्हावी, ऐसी चाल. कण्यातील चौकीदार, ज्यांच्या हुकुमाने हातपाय हालतात, त्यांच्या रसदेचा पहिला कागद जन्मापासूनच गहाळ. दुसरा जोडकागद होता, बहुतेक तैसाच. परंतु त्याच्या सातव्या तुकड्याशेजारी काळी खूण. हैबतरावांच्या घराण्याची रीत ऐसी की मजकूर वाचावयाचा नाही, खूण पाहावी आणि कात्री चालवावी. मग ते सातवा तुकडा भरताडात फेकीत आणि बाकीचे जोडून पाठवीत, आणि कारखान्यातून रसद कच्ची निघे व निघताच नासे. दहांत एखादी नक्कल नजरचुकीने शाबूत जाई, तिजवरच राज्य तगले होते. चौकीदार एकामागून एक पडू लागले.

मग दफ्तरदार संतो विठ्ठल हात जोडून म्हणाले, "राव, एकदा वाचून तर पाहा. त्या सातव्यातच सारा जीव आहे." हैबतराव म्हणाले, "वाचत बसलो तर कातरू कधी? आजोबांपासून खूण पाहतो आहोत, कोणी नावे ठेविली नाहीत." आम्हां दप्तरातील कारकुनांस संताप आला, परंतु कात्री रावांच्या हाती.

इतक्यात बाहेरून मातोश्रींचा आवाज आला, "डॉक्टरीणबाई, मान धरत नाही हो ही. आता दूध पितानाही ठसका लागतो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कण्यात सुई द्यावी लागेल. गेलेलं परत येणार नाही, आहे ते वाचवू."

मग सुई आली आणि तिजबरोबर चिमुकली ठिगळे आली आणि नेमकी नकलेतील काळ्या खुणेवर चिकटली. हैबतरावांनी नक्कल उलटसुलट केली, खूण दिसेना. मग कुरकुरत सातवा तुकडा जोडिला, आणि रसद पक्की निघाली. रावांस आजतागायत काही ठाऊक नाही. आणखी सुया झाल्या, आणि एके सकाळी मातोश्रींनी लेकरास खांद्यावर धरिले आणि मान उभी राहिली. मान किती वेळ टिकते ते त्या मोजीत होत्या, आम्हीही मोजीत होतो, अकरापर्यंत.

सारांश, पडले ते चौकीदार उठले नाहीत, उरले ते उभे आहेत. मूळ कागद होता तैसाच आहे, खूणही तैसीच, आणि ठिगळे चार महिन्यांत झिजतात. शेवटच्या सुईस आज तिसरा महिना सरला. पुढच्या सुईची तारीख मातोश्रींनी भिंतीवर लिहिली आहे, तिजकडे आमचेही डोळे लागले आहेत.