बुवांच्या पायाशी ओव्हरड्राइव्ह

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी टेकलेल्यांनीही आत यावं, पंख्याखाली जागा आहे. आज एका शहाण्या गृहस्थाची गोष्ट सांगायची आहे. त्यानं देवाची वस्तू गोड बोलून काढून घ्यायचा बेत केला, आणि देवापर्यंत पोचायच्या आधीच त्याची गाठ एका आत्याबाईंशी पडली.

गृहस्थाचं नाव यशोवर्धन. मूळचा पुण्याचा, नोकरी इकडे कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत, भाड्याचा फ्लॅटही तिथंच. तो गिटार वाजवायचा म्हणण्यापेक्षा गिटार वाजवायच्या तयारीत असायचा म्हणणं खरं. ऑफिसातून आला की जमिनीवर वायरी पसरायच्या, त्या एकमेकींत खुपसायच्या, बटणं पिळायची. आवाज मनासारखा लागेपर्यंत बायको सुखदा जेवून झोपायला गेलेली असायची.

त्याचा सगळा जीव वाल्व्हमध्ये. जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे, तापले की आतून लालसर उजळायचे, तेच हे. जुन्या अँप्लिफायरमध्येही तसेच असत. त्यांना झेपेल त्याहून जास्त आवाज त्यांच्यातून ढकलला की तो कडेनं जरा फाटतो, गुरगुरतो. इंजिनियर लोकांनी अर्धं आयुष्य घालवून ही खोड काढून टाकली, आणि ती गेल्याबरोबर गिटारवाल्यांना तिच्या आठवणीनं रडू फुटलं. म्हणून आता तीच खोड लोखंडी डबीत भरून विकतात. डबी जमिनीवर ठेवायची, पायानं बटण दाबायचं, की सरळ आवाज वाल्व्हमधून आल्यासारखा गुरगुरायला लागतो. हे ओव्हरड्राइव्ह पेडल. यशोवर्धनाकडे अशा सहा डब्या होत्या, कारण प्रत्येक डबी आधीच्या डबीपेक्षा जास्त खरी निघायची. प्रत्यक्ष वाल्व्ह मात्र त्यानं जन्मात ऐकला नव्हता, त्यामुळे वाल्व्हबद्दलची त्याची मतं फार ठाम होती.

सुखदा एकदा म्हणाली, की मला तर सहाही सारख्याच वाटतात. त्यावर त्यानं तिच्याकडे अशा दयेनं पाहिलं, की जणू तिला रंगच दिसत नाहीत. "तुझे कान ट्रेन झालेले नाहीत ना," तो म्हणाला.

आता या गृहस्थाला प्रत्यक्ष वाल्व्ह भेटला कुठे, तर शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटेत. सुखदाची आत्या शारदाबाई लग्न होऊन तिथं आली त्याला जमाना लोटला. बाजाराच्या गल्लीत मराठी मंडळींचं छोटंसं दत्तमंदिर आहे, त्याचा सगळा कारभार शारदाबाईंच्या हाती. एका गुरुवारी नवराबायको आरतीला गेली. शारदाबाईंनी माईक हातात घेऊन सांगितलं, "चपला ओळीत ठेवा." एवढंच वाक्य. पण ते खांबाआडच्या करड्या लोखंडी मशीनमधून असं ऊबदार, गोलसर होऊन बाहेर पडलं, की यशोवर्धनाच्या अंगावर काटा आला. मशीनच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसत होता. गाभाऱ्याकडे पाठ करून तो त्या मशीनपुढे हात जोडून उभा राहिला. मंडळींना वाटलं, मुलगा भाविक आहे, दिशा तेवढी चुकली.

ते मशीन त्याला हवं होतं. घरी जाईपर्यंत एक्सप्रेसवेवर त्याला दुसरं काही सुचेना. मागितलं तर मिळणार नाही हे उघड होतं, म्हणून त्यानं दान करायचं ठरवलं. देवळाला एक नवंकोरं मशीन देतो, जुनं भंगार मी उचलून नेतो, असा निरोप त्यानं सुखदाकडून धाडला.

शारदाबाईंनी फोनवरच नाक मुरडलं. नवी मशिनं त्यांनी ऐकली होती. त्यांचे कीर्तनकार जयतीर्थबुवा आता थकले होते, आवाज बारीक झाला होता, आणि नव्या मशीनवर तो पत्र्यावर खडे टाकल्यासारखा वाजायचा. जुन्याच मशीनमधून काय तो भरून यायचा. पुढच्या गुरुवारी बुवांचं कीर्तन होतं आणि त्यांची फजिती झालेली शारदाबाईंना खपली नसती. तेव्हा यशोवर्धन स्वतः चामराजपेटेत हजर झाला, खिशातून हिरवी डबी काढली आणि तिची सगळी कीर्ती सांगितली. नव्या मशीनला ही जोडली की जुन्याचा आवाज.

"तंतोतंत?" शारदाबाईंनी विचारलं.

"तंतोतंत, आत्या. डोळे मिटून ऐकलं तर मलासुद्धा फरक कळणार नाही."

"आणि तुला तर सगळंच कळतं, नाही का," शारदाबाई म्हणाल्या. "सरी, ठरलं तर. बुवांचं कीर्तन रंगलं तर जुनं घेऊन जा. नाही रंगलं तर तुझं तू उचल, आणि बुवांना तोंड दाखवायचं काम तुझं."

गुरुवारी यशोवर्धन दुपारीच रजा टाकून आला. नवं मशीन लावलं. कीर्तन व्हायचं होतं, तरी जुनं मशीन वाटेत अडचण करतं म्हणून त्यानं ते आधीच गाडीत नेऊन ठेवलं. मागच्या सीटवर, दुलईची घडी घालून, वर बेल्ट लावून. सुखदा ते बघत उभी होती. लग्न झाल्यापासून तिला त्यानं एकदाही बेल्ट लाव म्हणून सांगितलं नव्हतं.

मग त्यानं माईकची वायर डबीत खुपसली, डबी माईकच्या दांड्याशी जमिनीवर ठेवली आणि बुवांना समजावलं, की आवाज भरायचा असेल तेव्हा या बटणावर पाय द्यायचा.

बुवा दोन पावलं मागे सरले. "यातनं माझा आवाज जाणार म्हणालात ना?"

"हो, यातूनच."

"म्हणजे हे वाद्यच झालं."

"एका अर्थी, हो."

"मग वाद्याला पाय लावू म्हणता?"

पेटीवाले आणि तबलजी दोघांनी मान वळवून यशोवर्धनाकडे असं पाहिलं, की त्याला आपल्या कुळाचं नाव सांगावंसं वाटेना. बुवांनी मात्र डबी उचलली, डोळ्यांना लावली, एक पाट मागवला, त्यावर ती ठेवली, गंध लावलं, फूल वाहिलं. यशोवर्धनानं हळूच हातानं बटण दाबून ती सुरू केली. तांबडा दिवा लागला. कुरकुर फक्त कडेला येईल इतकीच खुंटी फिरवून तो मागं जाऊन बसला.

पूर्वरंग झकास झाला. बुवांच्या थकल्या गळ्याला मऊ काठ आला होता. शारदाबाईंनी मागं वळून एकदा मान डोलावली, आणि यशोवर्धन मनातल्या मनात घरी मशीन कुठं ठेवायचं याची मापं घेऊ लागला.

मग मध्यंतर झालं. बुवांना हार घातला, बुक्का लावला. त्या देवळाचा रिवाज असा, की मध्यंतरात एकूण एक माणूस उठतो आणि ओळीनं येऊन बुवांच्या पाया पडतो. मंडळी पुढं आली तर बुवांच्या पायाशी पाट, पाटावर गंधफूल वाहिलेली हिरवी वस्तू, आणि तिच्यात तांबडी ज्योत. चामराजपेटेत अशा वस्तूपुढं वाकायला कुणाला सांगावं लागत नाही. जो तो आधी बुवांच्या पायाला हात लावी, मग डबीला, मग हात डोळ्यांना. पादुकांवरून फिरवतात तसा उजवा हात डबीवरून अलगद फिरायचा, आणि प्रत्येक हातासरशी तिची खुंटी केसभर पुढं सरकायची. एका आजींनी तर कपाळच टेकवलं.

यशोवर्धनाला हे दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. तो उठून पुढं घुसू लागला तर लोकांनी अडवलं. "एनप्पा, काय हे, सगळ्यांनाच दर्शन घ्यायचंय," एक गृहस्थ म्हणाले. "लाइनीत या." तो लाइनीत आला. त्याच्यापुढच्या बाईंना गुडघ्यांचा त्रास होता, त्यांनी बराच वेळ नमस्कार केला. त्याचा नंबर येणार एवढ्यात बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि लोक जिथल्या तिथं खाली बसले. शारदाबाईंनी त्याची बाही धरून त्यालाही बसवलं.

"आत्या, एक मिनिट, ती खुंटी..."

"बस मुकाट. आख्यानात उठत नाहीत."

आख्यान होतं एका सुनेचं. सासू महाकडक, घरात देवाचं नाव घेतलेलं तिला चालायचं नाही. म्हणून ही गरीब सून चुलीशी बसून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं देवाशी कुजबुजायची. ही कुजबूज म्हणजे बुवांच्या हातचा हुकमी प्रसंग. त्यांनी डोळे मिटले, माईकला ओठ टेकवले आणि श्वासापेक्षाही हळू म्हणाले, "देवा, ऐकतोस ना?"

वाळूची लॉरी चढावर गियर बदलते तसा आवाज झाला. शिखरावरची कबुतरं उडाली. तबलजीचा हात हवेतच राहिला.

बुवांना वाटलं, आपणच चढ्या आवाजात बोललो. म्हणून ते आणखी हळू, आणि त्यासाठी माईकच्या आणखी जवळ जाऊन कुजबुजले. त्या डबीचा धर्मच असा, की कुजबूज काय आणि आरोळी काय, ती सगळं ओढून एकाच उंचीवर नेऊन ठेवते. यावेळी खिडक्यांच्या काचा वाजल्या. सून गुरगुरत म्हणाली, "देवा, मी भोळी रे." यशोवर्धनानं डोळे मिटून घेतले. मागच्या सीटवर दुलईत बसलेलं मशीन त्याला आपल्याकडे पाठ करताना दिसू लागलं.

पण बुवा मुरलेले. त्यांनी एक डोळा उघडून पाटाकडे पाहिलं, तबलजीला खूण केली आणि म्हणाले, "आणि सासू जागी झाली."

बायकांत हसू फुटलं.

"सुनेला वाटत होतं, मी कुजबुजतेय," बुवा म्हणाले, "पण देवाच्या दारी पोचलेल्या कुजबुजीचा आवाज केवढा होतो, हे त्या बिचारीला कुठं ठाऊक?"

आणि मग जे रंगलं ते काय सांगावं. सासू बोलायची तेव्हा बुवा माईकपासून लांब जाऊन आपल्या मूळ बारीक आवाजात चिरचिरायचे. सून बोलायची तेव्हा माईकशी येऊन नुसते पुटपुटायचे, आणि देऊळ हादरायचं. सासू लहान लहान होत गेली. शेवटी ती चुलीशी सुनेच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, मलाही शिकव ग बाई. तोवर अर्ध्या बायका हसून आणि उरलेल्या रडून डोळे पुसत होत्या. आरतीच्या ताटात पैसे टाकल्यावाचून कुणी राहिलं नाही.

यशोवर्धनाला आपलं नशीब खरं वाटेना. तो किल्ली हातात घेऊन शारदाबाईंपाशी गेला. "मग निघतो, आत्या. जुनं मशीन गाडीत आहेच."

"स्वल्प थांब," शारदाबाई म्हणाल्या. "सकाळपर्यंत माझा तुझ्या डबीवर विश्वास नव्हता. आता बसला. अगदी जुन्या मशीनचाच आवाज, नाही?"

"तंतोतंत."

"अजून पाच डब्या आहेत म्हणे तुझ्या घरी. त्यांच्यातही हेच?"

"एकीपेक्षा एक सरस आहेत," यशोवर्धन फुलून म्हणाला.

"मग घरात पाच मशिनं असताना देवाचं एकुलतं एक कशाला नेतोस?"

"तसं नाही आत्या. म्हणजे, ओरिजिनल ते ओरिजिनलच ना."

"म्हणजे फरक आहे?"

"थोडासा. फीलचा."

"अय्यो, मग देवाला नकली दिलंस असं होईल," शारदाबाई अगदी मायेनं म्हणाल्या. "तसं तू करणार नाहीस. आमच्या सुखदाचा नवरा तू."

यशोवर्धनानं आशेनं सुखदाकडे पाहिलं. ती देवाकडे बघत होती.

बुवांनी तोवर डबी उपरण्यात गुंडाळली होती. गंध लावलेली वस्तू परत द्यायची नसते, असं त्यांनी सांगितलं. शिवाय ती सून आता नुसत्या गळ्यातनं बोलायची नाही. राहता राहिलं नवं मशीन. ते शारदाबाईंनी त्याचं त्याला परत केलं. देवाला एकावेळी एक पुरतं म्हणाल्या. यशोवर्धनानं गाडीतला बेल्ट सोडला, जुनं मशीन छातीशी धरून पायऱ्या चढला, खांबाआड ठेवलं, आणि जगात त्याला ज्याचा सर्वांत जास्त तिटकारा तो बिनवाल्व्हचा खोका घेऊन खाली उतरला.

हल्ली तो चामराजपेटेतल्या देवळाच्या मशीनचा आवाज हुबेहूब देणारी डबी शोधतो आहे. दोन आल्या, तिसरी वाटेत आहे, ती म्हणे सगळ्यांत खरी. सुखदा दर गुरुवारी बसनं एकटीच कीर्तनाला येते, आणि मंडळी पांगली तरी पायऱ्यांवर बराच वेळ बसून असते. घरच्या त्या गुरगुरीत परत जायला तिचं पाऊल उचलत नाही. तेव्हा मायबाप, देवापुढं हात जोडाल त्यावेळी त्या लेकीची आठवण असू द्या, आणि तिच्या नावानं थोडी शांतता मागा.