चला की साहेब

"चला की साहेब, तुम्ही बी!"

हे शब्द धम्मदीपच्या तोंडून गेले तेव्हा त्याच्या मनात काहीएक नव्हतं. आपल्याकडे प्रवासाला निघालेला माणूस 'चला की' म्हणतो आणि समोरचा 'नाही बा, तुम्हीच जा, सुखरूप या' म्हणतो. जेवणाऱ्यानं 'या जेवायला' म्हणावं, तसंच हे. 'या' म्हटलं म्हणून कुणी ताटात हात घालत नाही. पण नांदेडच्या त्या सरकारी कार्यालयात रेणुकादास धानोरकर साहेबांनी चष्मा काढला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "येतो."

"जी?"

"येतो म्हटलं. हिला पण घेतो. लग्न झाल्यापासून बिदरच्या पलीकडं नेलं नाही मी तिला."

धम्मदीपच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर परवानगी लागते, आणि तो अर्ज साहेबांच्या शिफारशीशिवाय वर जात नाही. अर्ज साहेबांच्या टेबलावर होता आणि पेन साहेबांच्या हातात. अशा वेळी 'अहो, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं' असं सांगणारा कर्मचारी अजून जन्माला यायचा आहे.

मुळात हा बेत धम्मदीपच्या आईचा. सरजाबाई उमरीला अंगणवाडीत मदतनीस होत्या. श्रीलंकेतल्या अनुराधापूरला जायचं आणि तिथल्या बोधिवृक्षाखाली मन भरेपर्यंत बसायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात उघड बोलून दाखवली होती. धम्मदीपनं विमानाचं नाव काढलं तर त्या उखडल्या.

"संघमित्रा थेरी बोधीची फांदी लंकेला घेऊन गेली ती काय इमानानं? नावंनं गेली. म्या बी पाण्यावरूनच जानार."

म्हणून धम्मदीपनं वाट शोधून काढली होती. नांदेडहून सिकंदराबाद, तिथून चेन्नई, तिथून नागपट्टणम. नागपट्टणमहून बोटीनं पलीकडे कांकेसंतुराई आणि पुढे पुन्हा रेल्वेनं अनुराधापूर. यातली एक गाडी चुकली की पुढचं सगळं आडवं होणार, कारण बोट काही रोज सुटत नाही आणि सुटायच्या दिवशीही वाऱ्याची मर्जी सांभाळून सुटते. धम्मदीपला आधीच झोप लागत नव्हती. त्यात आता साहेब.

साहेब नियोजनाचे भुकेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंगीत तक्ता करून आणला. "सांध्याला जागा सोडायची असते, धम्मदीप. गाडी लेट झाली तर? बोट चुकली तर?" म्हणून एक मुक्काम सिकंदराबादला, एक चेन्नईला, नागपट्टणमला दोन. लातूरहून त्यांच्या पत्नीनं, चंद्रप्रभाबाईंनी, फोनवरून रामेश्वर घालायला लावलं. वाटेतच आहे म्हणे. रजा तर तेवढीच. मग हे सगळं कापायचं कुठून? अनुराधापूरमधून.

"अन् अनुराधापूरला किती येळ?" सरजाबाईंनी तक्ता ऐकून विचारलं.

"सकाळी उतरायचं. दुपारच्या गाडीनं माघारी."

"म्हंजी पाव्हन्याच्या गावी जाऊन उंबऱ्यावरूनच पानी पिऊन यायचं."

एवढंच बोलून त्या भाजी निवडायला लागल्या. त्या भांडल्या असत्या तर धम्मदीपला बरं वाटलं असतं. त्याला स्वतःच्या जिभेचा विलक्षण राग आला आणि त्यानं ठरवलं, साहेबांना घाबरवायचं.

रविवारी तो आईला घेऊन लातूरला साहेबांच्या घरी गेला. पोहे झाले, चहा झाला, आणि त्यानं सुरुवात केली. "साहेब, समुद्र लई खवळतो बरं का. बोट अशी डुलते, अशी डुलते, की मानसाला आपलं डोकं कुठं अन् पाय कुठं कळत न्हाई. एकदा वांती सुरू झाली की किनाऱ्यापर्यंत खंड न्हाई. अन् उतरून पळावं तर खाली पानी."

साहेब शांतपणे शेव खात होते. "लिंबू ठेवू जवळ," ते म्हणाले. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "मला तर झोका लहानपणापासून आवडतो."

कोपऱ्यातून आवाज आला. "मग म्या न्हाई बा येत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सरजाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "धम्मा, तू अन् साहेब जावा. मला फोटो दाखव."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी धम्मदीपची गत झाली. "आई, अगं तसं न्हाई! बोट लई दांडगी हाय. आपल्या भोकरच्या एसटीत जेवढे धक्के बसतात तेवढे बी न्हाईत!"

"आत्ताच तर म्हणालात डुलते," साहेब म्हणाले.

"डुलते साहेब, पर... प्रेमानं डुलते."

शेवटी चंद्रप्रभाबाई उठल्या, सरजाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "मी हात धरून बसते तुमचा. भीती वाटली तर दोघी मिळून ओरडू." सरजाबाई हसल्या. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून हसण्याचे आवाज यायला लागले.

चौघांची तिकिटं निघाली, दोन्ही अर्ज वर गेले, आणि तिथं घोडं अडलं. वरून निरोप आला: एकाच शाखेतले दोघं एकाच वेळी परदेशी जाऊ शकत नाहीत. एकानं जावं, एकानं थांबावं. कोण ते आपसात ठरवा.

"तुम्ही जा, धम्मदीप," साहेब म्हणाले.

"छे छे, तुम्ही जावा साहेब."

"अहो, बेत तुमचा."

"मोठे तुम्ही."

हा सौजन्याचा सामना दोन दिवस चालला आणि बरोबरीत सुटला. तिसऱ्या दिवशी साहेबांना सरजाबाईंचा चेहरा आठवला. त्यांनी गुपचूप आपला अर्ज मागे घेतल्याचं पत्र वर पाठवलं. त्याच दुपारी धम्मदीपला आठवलं, की आपला गोपनीय अहवाल हेच लिहितात. त्यानंही गुपचूप आपला अर्ज मागे घेतल्याचं पत्र वर पाठवलं. वरच्या अधिकाऱ्यांना इतके समंजस कर्मचारी पहिल्यांदाच भेटले. त्यांनी दोन्ही पत्रं मंजूर केली आणि माणसं जागेवर आहेत म्हणून नेमकी त्याच तारखांना शाखेची तपासणी लावून टाकली.

"आता?" साहेब डोकं धरून बसले. "तिकिटं रद्दच करावी लागणार."

"कामून?" सरजाबाईंनी फोनवर विचारलं. "तपासनी तुमची हाय. आमची हाय का?"

नांदेड स्टेशनवर दोघी गाडीत बसल्या तेव्हा दोन्ही पुरुषांचे चेहरे पडले होते. साहेबांनी तक्त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून आणलं होतं. "हा सोडून एक पाऊल टाकू नका," ते तीनतीनदा बजावत राहिले. सरजाबाईंनी 'हाव, हाव' म्हणत तक्ता दशम्यांच्या डब्याखाली ठेवला.

तपासणी सुरू झाली. तपासणी अधिकारी समोर, आणि टेबलाखाली दोन मोबाइल. सिकंदराबाद आलं. चेन्नई आलं. "नोंदवही कुठंय?" असं विचारल्यावर साहेब "नागपट्टणमला" म्हणाले आणि एक शेरा ओढवून घेतला. बोट सुटल्याचा मेसेज आला आणि मग फोनच लागेना. धम्मदीपला घास उतरेना. कसली दुर्बुद्धी झाली आणि आपण सोबत नसताना आईला पाण्यावर पाठवलं, असं त्याला राहून राहून वाटत होतं. संध्याकाळी 'पोचलो' एवढा एक शब्द आला आणि दोघं खुर्चीत मागे रेलले.

परतीच्या दिवशी मात्र व्हायचं तेच झालं. हवा बिघडली, बोट रद्द झाली. पुढची कधी, कुणी सांगेना. बोट नाही म्हणजे चेन्नई नाही, चेन्नई नाही म्हणजे सिकंदराबाद नाही. साहेबांना घाम फुटला. दोन दिवस फोन लागेना; तिसऱ्या दिवशी दुपारी एकदाचा धम्मदीपचा फोन वाजला.

"आई! कुठं हाव तुम्ही? बंदरावरच थांबा! साहेब दुसरं तिकीट बघून राहिले!"

"बंदरावर कशाला थांबू? माघारी अनुराधापूरला आलो. बोधीखाली बसून राहिलो."

"अगं, पर तक्त्यात..."

"बोट न्हाई म्हनले, लई बरं झालं बग. परवा बसलो, काल बसलो, आज बी बसलो. कुनी 'उठा' म्हनत न्हाई." मागून चंद्रप्रभाबाईंचं हसू ऐकू आलं. मग सरजाबाईंचा आवाज खाली आला. "धम्मा, राग नको धरू. तुम्ही दोघं न्हाई आले तेच बेस झालं. तुम्ही आले असते तर आतापर्यंत घरी पोचवलं असतं मला."

फोन बंद झाला. धम्मदीपनं तो खिशात टाकला. त्याला हसू आलं.

"काय म्हणतात?" साहेबांनी घाईघाईनं विचारलं. "घाबरल्यात का? आपली आठवण काढून राहिल्या असतील."

धम्मदीपनं साहेबांकडे पाहिलं. ते खरोखर काळजीत होते.

"हाव साहेब," तो म्हणाला. "लई आठवण काढून राहिल्या."