चिमट्याच्या अंतरावरचे गोविंदभाऊ

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या जंगलातल्या लाकूड डेपोचे मुनशी गोविंदभाऊ जगाशी सगळा व्यवहार चिमट्याने करीत. दोन हात लांब बांबूचा चिमटा, बुरडाकडून खास करून घेतलेला. मला पान द्यायचं, चिमट्याने. सागवानाच्या मापांची वही साहेबांपुढे सरकवायची, तीही चिमट्याने. चुकून कोणी जवळ गेलं की गर्जना: "दूर राहा जी, लागन!"

लागेल अशी त्यांना भीती होती ती इसबाची. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी फुटलेली, तीही लग्नाआधीपासून. पण भाऊ एकट्या इसबाचं कधी सांगत नसत. बिऱ्हाडाची ओळख करून द्यावी तसं सांगत. "इसब थोरला. त्याच्या मागून दमा आला. मोहफुलं पडली का शिंका येतेत, ते धाकट्या. अन् झोप? ते रुसून माहेरी गेली." आम्ही पोट धरून हसायचो. भाऊही हसायचे, आणि धाप लागून ओंडक्यावर बसायचे.

त्यांची एकुलती एक लेक यमुना या चिमट्यापुढेच लहानाची मोठी झाली. जत्रेतला बत्तासा तिला चिमट्याने मिळाला. चालायला शिकली ती त्याचं टोक धरून. मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती सिरोंच्याला निघाली, तेव्हा बापाने तिच्या डोक्यावर चिमटा टेकवून आशीर्वाद दिला. सगळा मांडव खदखदून हसला. मीही हसलो.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर दौऱ्यावरचा डॉक्टर डेपोत आला. तपासायला म्हणून भाऊंनी सवयीने चिमटाच पुढे केला. डॉक्टरने तो काढून बाजूला ठेवला आणि भाऊंचे दोन्ही हात आपल्या उघड्या हातांत घेतले.

"सोडा जी, लागन!"

"कोन म्हनते? इसब कोनाले लागत नाई," डॉक्टर हात उलटसुलट बघत म्हणाला. "दमा, शिंका, झोप न येनं, हे त्याचेच सोबती. मन बी उदास राहत असन?"

भाऊंनी मान हलवली. म्हणजे बिऱ्हाडातलं हे एक माणूस त्यांनी आमच्यापासून लपवलंच होतं.

डॉक्टर मलमाची डबी शोधू लागला. हात मोकळे झाले, तरी भाऊंनी ते तसेच पुढे धरून ठेवले होते. ओंजळीत काहीतरी यायचं राहून गेलं असावं, तसे. मग एकदम, सगळ्या डेपोला ऐकू जाईल एवढ्याने ते म्हणाले,

"मंग मी माह्या यमुनेले एकडाव बी काऊन नाई उचललं?"